दाब आठ

परवा सून पनवेलहून बँकेतून आली ती हातात एक कागद घेऊन. त्यांच्या शाखेत कुणी बाई आल्या होत्या, ताणतणावावर बोलायला. बोलून झाल्यावर त्यांनी प्रत्येकाला हा कागद दिला आणि आठवडाभर भरायला सांगितला. पाच रकाने. वेळ. काय घडलं. मनात काय आलं. त्रास किती, शून्य ते दहा. आणि शेवटी, खरं काय होतं.

सून हसत म्हणाली, "बाबा, बघा, आजकाल काय काय निघतंय."

मी कागद हातात घेतला आणि रकाने दोनदा वाचले. म्हटलं, "आजकाल कसलं? हे आमच्या हिराजीचं लॉगशीट आहे."

"कोण हिराजी?"

सांगायला बसलो, पण निम्मंच सांगितलं. उरलेलं निम्मं मी केलेलं होतं आणि सुनेसमोर ते तोंडातून निघेना. ते इथं लिहितो.

हिराजी मोकल आमच्या रोह्याच्या कंपनीत बॉयलरवर अटेंडंट होता. राहायचा पेणला, मूळचा खाडीकडचा, बापजादे मिठागरावर राबलेले. मी बाळाराम पाटील, गडबचा, मेंटेनन्सला फिटर, आणि युनियनच्या कमिटीवर. हिराजी माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला हिराजीभाऊ म्हणायचो, निदान तोंडावर तरी.

माझ्या स्वभावाबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. मी संशयी माणूस. दूधवाला रोजच्यापेक्षा पाच मिनिटं लवकर आला तरी मी विचारणार, आज काय विशेष. बायको म्हणते, हे देवळात गेले तरी देवाच्या आधी पुजाऱ्याचे हात बघतात. खोटं नाही. युनियनमध्ये मला घेतलं ते याच गुणावर.

कंपनीची बस पेणहून सुटायची, मी गडबला चढायचो. हिराजी डाव्या बाजूला तिसऱ्या खिडकीत बसलेला असायचा, मांडीवर डबा, डब्यावर वही. पुठ्ठ्याची, निळ्या पाठीची, खिशात मावेल एवढी. नागोठणं येईस्तोवर तो त्या वहीत दोन-तीनदा काहीतरी लिहायचा. लिहिण्याआधी घड्याळ बघायचा, लिहून झालं की वही मिटून खिशात. शेजारच्याला एक अक्षर दिसू द्यायचा नाही.

कामाला मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. बॉयलरचं लॉगशीट दर तासाला भरायचं असतं. दाब किती, पाणी कुठवर, आत सोडायच्या फीडच्या पाण्याचं तापमान किती. आता बाकीचे अटेंडंट काय करत ते सगळ्यांना ठाऊक होतं. शिफ्ट संपताना एकदम आठही तासांचे आकडे भरून मोकळे. कुणी विचारलं तर म्हणायचे, बॉयलर तोच, आकडे तेच. हिराजीचं तसं नव्हतं. घड्याळात ठोका पडला की हा दाबाच्या काट्यापुढे उभा. आधी स्वतःच्या रुमालानं काच पुसणार, मग बघणार, मग लिहिणार. मी एकदा म्हटलं, "हिराजीभाऊ, काटा हालतोय कुठं? साडेनऊवरच तर हाय."

तो म्हणाला, "साडेनऊ हाय ते बघितल्यावर कळलं ना रे. बघायच्या आधी ते नुसतं वाटतं."

हे त्याचं पालुपद. कँटीनमध्ये कुणी म्हटलं, यंदा बोनसचं काही खरं नाही, की हा डोकं वर न करता विचारणार, "हे खरं की वाटतंय?" कुणी म्हटलं, नवा साहेब माणसं कमी करणार, तर तेच, "खरं की वाटतंय?" आमच्यासारख्या युनियनच्या माणसांचं पोट वाटण्यावर चालतं. सगळ्यांनी असं विचारायला सुरुवात केली तर गेटवर सभेला उभं कोण राहील? मला तो माणूस त्यामुळेही खटकायचा.

त्यात त्याचं वागणं. मनगटाला घड्याळ, आणि रोह्याच्या बाजारात अनोळखी माणसांना वेळ विचारत फिरायचा. एका शनिवारी, शिफ्ट सुटल्यावर बसला अवकाश होता, मी बाजारात होतो. वाल विकणाऱ्या बाईपुढं हिराजी उभा. अर्धा किलो वाल तिनं मापून कागदात बांधले, हातात दिले, आणि हा म्हणतो, "नको मला. परत घे."

बाई खवळली. "घ्यायचे नव्हते तर मापायला कशाला लावलेस रे मेल्या? मी काय रिकामी बसलेय इथं?" आजूबाजूची माणसं बघायला लागली. दुसरा कुणी असता तर वाल घेऊन पळाला असता. हा तिथंच उभा राहिला. कपाळावर घाम आणि तोंडावर कसनुसं हसू. बाईचं बोलून संपेपर्यंत हलला नाही. मग चार पावलं बाजूला गेला, घड्याळ बघितलं, वही काढली आणि लिहिलं.

मी भिंतीआडून बघत होतो. म्हटलं, हे साधंसुधं प्रकरण नाही. त्या बाईला कसली खूण दिली यानं?

आणि साडेपाच. कुणीही त्याच्याकडे चिंतेची गोष्ट काढली, मुलीच्या स्थळाची म्हणा, साहेबाच्या बोलण्याची म्हणा, की तो हात वर करायचा. "आता नाय. साडेपाचला बघू." सकाळी सात वाजता सांगा, साडेपाच. दुपारी दोनला सांगा, साडेपाच. फर्स्ट शिफ्ट तीनला सुटते, बस पेणला पोचते सव्वाचारच्या सुमारास. मग साडेपाचला हा बघतो कुणाला?

एक दिवस मी गडबला उतरलोच नाही. मागच्या सीटवर पेपर तोंडापुढं धरून पेणपर्यंत गेलो. हिराजी घरी गेला, चहा पिऊन बाहेर आला, चालत एसटी स्टँडवर गेला आणि अलिबागच्या फलाटासमोरच्या बाकावर बसला. बरोबर साडेपाच. मी रसवंतीच्या मागे. म्हटलं, आता येईल कुणीतरी, कंपनीच्या ऑफिसातला, याच्याकडून आमच्या बातम्या घ्यायला. कोणी आलं नाही. हिराजी नुसता बसून होता. मधेच मान खाली घालायचा, मधेच डोळे पुसायचा. पावणेसहा झाले तसा उठला, नळावर तोंड धुतलं, आणि मासळीबाजाराच्या दिशेनं असा गेला की पंधरा मिनिटांपूर्वीचा माणूस तो नव्हेच. रस्त्यात भेटलेल्या एकाशी हसून बोललासुद्धा.

तुम्ही म्हणाल, एवढं बघून तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही. मी निष्कर्ष काढला की माणूस आज आलाच नाही, आणि आला नाही म्हणून हा रडला.

त्या वर्षी कराराची बोलणी चालू होती. आम्ही कमिटीत जे ठरवायचो ते दुसऱ्या दिवशी साहेबाच्या तोंडी. आमचा एक माणूस सस्पेंड झाला तो अशाच फुटलेल्या गोष्टीवरून. कमिटीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, दुसरीकडं बघायची गरज नाय, बॉयलरवर बघा. वही कोण लिहितो?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कँटीन भरलेलं. हिराजी जेवला, वही टेबलावर ठेवून हात धुवायला गेला. तो वही कधी अशी ठेवायचा नाही, त्या दिवशी ठेवली. मी उचलली. उघडली तर आखलेले रकाने, बारीक अक्षर, पानंच्या पानं. आणि चार पानं उलटली तर माझंच नाव.

मी बाकावर उभा राहिलो. म्हटलं, "ऐका रे सगळे. आपल्यात कोण हाय ते ऐका." आणि मोठ्यानं वाचलं, "दुपारी साडेबारा. कँटीन. बाळाराम पाटील दारात उभा. दाब आठ."

दाब हा शब्द युनियनच्या माणसाला कसा ऐकू येतो ते तुम्हाला काय सांगू. कामगारावर दाब आणला, धमकावलं, सहीसाठी जबरदस्ती केली, या असल्या कलमाखाली माणसं घरी बसतात. आमचा सस्पेंड झालेला माणूस त्याच कलमाखाली गेला होता. "बघा," मी म्हटलं, "वेळ हाय, जागा हाय, नाव हाय, आणि दाब किती आणला त्याला मार्क दिलेत. दहापैकी आठ."

कँटीन गरम झालं. कुणीतरी शिवी दिली. तोवर हिराजी ओल्या हातानं दारात येऊन उभा राहिला होता. मला वाटलं तो वही हिसकावेल. त्यानं नाही हिसकावली. पांढराफटक पडला होता, पण आवाज नेहमीचा होता.

"घेतलीसच तर अर्धी नको वाचू, बाळाराम. ओळ पुरी वाच."

मी जोरातच होतो. पुढचा रकाना वाचला. "मनात काय आलं. याला कळलं. मी डोक्याचा पेशंट हाय ते याला समजलं. आता हा सगळ्यांना सांगणार. बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट जाणार, बॉयलर जाणार, घरी बसणार."

माझा आवाज इथंच खाली आला होता. पण ओळ संपली नव्हती आणि सगळे ऐकत होते. शेवटचा रकाना होता, खरं काय निघालं. त्यात लिहिलेलं होतं, "तो मीठ मागायला आला होता."

मग मागून एक जण हसला आणि म्हणाला, "येडा हाय म्हणजे." आणखी दोघं हसले. हिराजीनं माझ्या हातातून वही घेतली, हात पँटला पुसले, घड्याळ बघितलं, आणि तिथंच, आम्हा सगळ्यांच्या देखत, उभ्यानं एक ओळ लिहिली. आकड्याच्या रकान्यात त्यानं काय लिहिलं ते मला कधीच कळलं नाही.

दुपारी दोनच्या आत ही गोष्ट ऑफिसात पोचली. म्हणजे खबरी दुसराच कुणीतरी होता, आणि तो त्या कँटीनमध्ये बसून जेवला होता. माझा आजही तिघांवर संशय आहे. नावं सांगत नाही.

हिराजीला बोलावणं आलं. डोक्यानं ठीक नसलेला माणूस बॉयलरवर ठेवता येत नाही, असं साहेब म्हणाला. त्याला बॉयलरवरून काढून पाण्याच्या पंपावर बसवलं आणि सांगितलं, महिनाभरात ठरवू, नाहीतर राजीनामा द्या. बावीस वर्षं त्यानं बॉयलर सांभाळला होता.

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. म्हणाल्या, "आता कशाला आलात? वाचायचं ऱ्हायलं काय काही?"

हिराजीनं मला ओटीवर बसवलं. मी माफी मागायला गेलो होतो, पण तोच आधी बोलायला लागला. तीन वर्षांपूर्वी एकदा बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेना. पाणी नाही म्हणजे बॉयलर फुटणार. यानं आग बंद केली, सगळ्यांना बाहेर काढलं. नंतर निघालं काय, तर काचेचा कॉक, म्हणजे तिच्यात पाणी येतं ती चावी, चोंदला होता. पाणी होतं. काही झालं नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. "पण माझ्या अंगात ते रोज व्हायला लागलं रे," तो म्हणाला. "जेवताना छाती धडधडायची. बाजारात गेलो की वाटायचं आता पडणार, लोकं बघणार. सकाळी उठावंसंच वाटंना. आठ आठ दिवस दाढी नाय. तुझी वहिनी पोरांना सांगायची, बाबांना ताप हाय."

हृदयाचे कागद काढले, ते चांगले. आईनं भगताकडं नेलं, एक कोंबडा गेला. शेवटी दर गुरुवारी पेणला येणारे एक डोक्याचे डॉक्टर सापडले. ते म्हणाले, गोळी मी देतो, पण निम्मं काम तुमचं तुम्हीच करायचं. दर आठवड्याला येणं शिफ्टमुळे जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी झेरॉक्स काढलेलं एक पुस्तक दिलं, चाळीसेक पानांचं. घरी करायचे अभ्यास. हिराजीनं ते मला दाखवलं. कडा झिजलेल्या, हळदीचे डाग पडलेले.

"त्यात लिवलंय, विचारांची नोंद करा. मला ते कळंना. मग रकाने बघितले नि म्हटलं, अरे, हे तर लॉगशीट. हे आपल्याला येतं. दाब किती, काटा कुठं. वाटतं ते लिवायचं, नि मग बघायचं खरं काय हाय ते."

"आणि वाल?"

तो पहिल्यांदा हसला. "बघितलंस व्हय तू? तोबी अभ्यास, लोकांना वेळ विचारतो तोबी. चारचौघांत बोलणी खायची नि मरत नाय ते बघायचं. पयल्या खेपेला दाब नऊ. चौथ्या खेपेला पाच. बाईलाच आता माझी कीव येते."

साडेपाचचंही त्यानंच सांगितलं. दिवसभर चिंता छळायची, म्हणून पुस्तकात लिहिलं होतं की तिला एक वेळ नेमून द्या. पंधरा मिनिटं. त्या वेळात हवी तेवढी करा, बाकीच्या वेळी आली की सांगा, तेव्हा ये. घरात बसून केली तर पोरं घाबरतात, म्हणून तो स्टँडवर जायचा. स्टँडवर सगळेच कसल्यातरी काळजीत बसलेले असतात, तिथं कुणी बघत नाही, असं त्याला वाटलं होतं. रसवंतीच्या मागून कोण बघत होतं ते मी त्याला सांगितलं नाही.

हे सगळं ऐकून मला वाईट वाटलं. अगदी रडू आलं म्हणा ना. पण खरं सांगायचं तर दुसरंही काहीतरी वाटलं. वाटलं, काच रिकामी दिसली आणि हा एवढा बिघडला, तर पुन्हा दिसली तर? मी त्याच बॉयलरपासून वीस पावलांवर काम करत होतो. आठवडाभरापूर्वी तो खबरी आहे याची मला खात्री होती, आता त्याच्या डोक्याबद्दल शंका होती. माणूस तोच, मी फक्त संशयाचं कारण बदललं.

साहेबानं शेवटी दोन अटी घातल्या. डॉक्टरांचं पत्र, आणि शिफ्टमधल्या अठराही जणांच्या सह्या, की हिराजी मोकल बॉयलरवर असायला आमची हरकत नाही. डॉक्टरांचं पत्र पुढच्याच गुरुवारी आलं, चांगलं चार ओळींचं, काम करायला योग्य आहे असं. सह्यांचं मी अंगावर घेतलं. मीच बिघडवलं होतं, मलाच निस्तरायचं होतं.

सोपं नव्हतं. एक जण म्हणाला, माझी पोरं लहान आहेत. एक म्हणाला, माझी ना नाय, पण बायकोला विचारतो. जो कँटीनमध्ये हसला होता त्यानं मात्र पहिल्या दिवशी सही केली. कुणाकुणाच्या घरी गेलो, कासूला, निडीला. प्रत्येकाला तेच सांगायचो, की दर तासाला खरा आकडा लिहिणारा अख्ख्या कंपनीत एकच माणूस आहे, आणि तुम्ही त्याला घाबरता? माझं बोलणं मलाच पटण्यासारखं होतं. सतरा सह्या झाल्या.

अठरावी माझी. ती मी शेवटी करीन म्हटलं होतं. कागद दोन दिवस माझ्या खिशात राहिला. दर वेळी पेन काढायचो आणि मला ती रिकामी काच दिसायची.

महिना संपायला एक दिवस होता. बसमध्ये त्यानं मला शेजारी बसवून घेतलं. "किती झाल्या?"

"सतरा."

"कोण ऱ्हायला?"

मी म्हटलं, "एक जण रजेवर हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. हे खरं की वाटतंय, असं तो सगळ्या जगाला विचारायचा. मला नाही विचारलं. खिडकीबाहेर बघत बसला. कंपनीच्या गेटवर उतरलो आणि तिथंच, वॉचमनच्या टेबलावर, मी सही केली. शाई नीट उतरेना म्हणून दोनदा गिरवली.

तो पुन्हा बॉयलरवर गेला. मी मात्र त्याच महिन्यात पलीकडच्या प्लांटला बदली मागून घेतली, शिफ्टही बदलून घेतली. कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. पुढं तो बॉयलरवरूनच रिटायर झाला आणि त्याच्या हातून कधी काही वावगं झालं नाही, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. त्याच्यासमोर मी पुन्हा एकदाच उभा राहिलो, तो परत बॉयलरवर आला त्या पहिल्या दिवशी.

दहा वाजायला आले होते. मी हातात पाना घेऊन बॉयलर हाऊसमध्ये गेलो. तो काच पुसत होता. पाठमोराच म्हणाला, "काय रे बाळाराम?"

"काय नाय भाऊ. व्हॉल्व्ह बघायला आलो."

"कुठला?"

मला एकाही व्हॉल्व्हचं नाव आठवेना. पंचवीस व्हॉल्व्ह होते तिथं, सगळे माझ्या हातचे. तो वळला, माझ्या हातातल्या पान्याकडं बघितलं, मग तोंडाकडं. रागावला नाही. उलट मला वाटतं त्याला माझी दया आली.

"कागदाची नक्कल मला दिलीय ऑफिसनं," तो म्हणाला. "अठरावी सही कुणाची ते बघितलं मी. असू दे. तू तरी नि मी तरी, आपल्याला बघितल्याबिगर भरोसा नाय."

मग तो काट्यासमोरून बाजूला झाला आणि माझ्याकडं पाठ करून हात पुसत उभा राहिला, मला नीट बघता यावं म्हणून. मला म्हणायचं होतं की नाही भाऊ, बघायचं नाही, मी जातो. मी पुढं झालो आणि बघितलं. दाबाचा काटा साडेनऊवर होता, काचेत पाणी अर्ध्यावर होतं. त्याची पाठ तशीच होती, म्हणून मी पुन्हा एकदा बघितलं.